पांगारा अजून हिरवाच

पांगाऱ्याचं झाड वसंतात कसं दिसतं ते तुम्ही पाहिलंय का? अंगावर एक पान नाही, आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलं. पाहिलं नसेल तर आधी जवळच्या बागेत जाऊन बघून या. गोष्ट कुठे पळून जात नाही.

आता अमरावतीच्या टेकडीबागेत चला. तिथे पांगाऱ्याखाली अकरा वर्षांची अनघा काळमेघ कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि झाडाकडे रागाने बघते आहे. माघ अर्धा सरला, तरी हा पांगारा श्रावणातल्यासारखा हिरवागार. पान पिवळं नाही, कळीचा पत्ता नाही. अनघाला मुळात एका जागी उभं राहणं जमत नाही. वर्गशिक्षकांनी शाळेतली निरोप पोचवायची सगळी कामं तिलाच देऊन टाकली होती. निदान तिच्या पळापळीचा कुणाला तरी उपयोग. अशा मुलीला झाडाची वाट बघायला लावणं म्हणजे शिक्षाच.

पण वाट बघणं भाग होतं, कारण तिची आई चंद्रावर होती.

तुम्ही मोठे व्हाल तोवर हे वाक्य ‘आई नागपूरला होती’ इतकं साधं झालेलं असेल. अनघाची आई भूगर्भशास्त्रज्ञ (खडक आणि जमिनीच्या पोटातल्या गोष्टींचा अभ्यास करणारी) होती आणि चंद्रावरच्या तळावर राहून तिथले खडक तपासत होती. काम आवडीचं होतं. आवडत नव्हती ती एकच गोष्ट. तिथे ऋतू नव्हते. पृथ्वी आपल्या अक्षावर (ज्या कल्पित दांड्याभोवती ती फिरते त्यावर) कललेली आहे, म्हणून आपल्याकडे ऋतू बदलतात. चंद्र जवळजवळ ताठ उभा फिरतो. तिथे साधारण दोन आठवडे ऊन आणि दोन आठवडे अंधार, वर्षभर तेच. ना मोहोर, ना पानगळ, ना कोकीळ.

“दर रविवारी मला वसंताची एक खूण दाखव,” आईने सांगितलं होतं. “आपल्या बागेतली.”

अनघाने तांबट पक्ष्याचं टुकटुक ऐकवलं, आंब्याचा मोहोर दाखवला, सावरीच्या फुगलेल्या कळ्या दाखवल्या. आई खूश व्हायची आणि शेवटी न चुकता विचारायची, “आणि पांगारा?” लहानपणी आई याच पांगाऱ्याखाली बसून पाढे पाठ करायची. गेल्या रविवारीही तिने विचारलं आणि अनघाला सांगावं लागलं, “अजून हिरवाच.”

 आई हळूच म्हणाली, “माझंही तसंच आहे गं.”

ते असं. चंद्रावर जाताना प्रत्येकाला स्वतःची एक वस्तू न्यायची मुभा होती. कुणी बासरी नेली, कुणी घरच्यांचे फोटो. आईने संत्र्याचं कलम नेलं. तिचे वडील, म्हणजे अनघाचे आबा (आई परत येईपर्यंत अनघा त्यांच्याकडे, मामा-मामीच्या घरी राहत होती), मूळचे वरुडचे, संत्र्याच्या बागांत वाढलेले आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ झालेले. त्यांनी स्वतःच्या हाताने डोळा भरून (एका झाडाची कळी दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून) ते कलम तयार केलं होतं. तळावरच्या काचघरात ते छान वाढलं, फुलायच्या वयाला आलं, आणि फुलेचना. काचघराचा नियम कडक होता. जे झाड खायला काही देत नाही, त्याने जागा अडवायची नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला येणाऱ्या रॉकेटमधून बटाट्याचं बेणं येणार होतं, आणि तळप्रमुखांनी संत्र्याची कुंडी तेव्हा रिकामी करायला सांगितली होती.

“आबांना इतक्यात सांगू नकोस,” आई म्हणाली. “सगळ्या वरुडभर सांगून आलेत ते, माझं झाड चंद्रावर आहे म्हणून. त्यांना फार वाईट वाटेल.”

अनघाने कबूल केलं, आणि तेव्हापासून तिच्या पायांना आणखीच चाकं लागली. मनात गुपित असलं की स्वस्थ बसवत नाही, आणि ही तर गुपित नसतानाही बसत नव्हती.

“झारीभाऊ, या पांगाऱ्याला झालंय काय?” तिने विचारलं.

झारीभाऊ हा बागेचा यंत्रमानव. पाठीवर पाण्याची टाकी आणि पुढे झारीच्या तोंडासारखा हात, म्हणून मुलांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा.

“या झाडास काहीही झालेले नाही,” तो म्हणाला. “पान किंचित मलूल दिसले की मी तत्काळ पाणी देतो. दिवाळीत आपणच आज्ञा केली होती, या झाडाची विशेष काळजी घे.”

हे खरं होतं. आईचं झाड म्हणून अनघानेच त्याला तसं बजावलं होतं. मग एवढी काळजी घेऊनही हे फुलत का नाही? तिने वैतागून बागेला एक चक्कर मारली, मग दुसरी, आणि तिसऱ्या वेळी मागच्या फाटकातून बाहेर पडून भिंतीच्या कडेने पळत सुटली. तिकडे बांधकामाचा राडारोडा टाकलेला असतो, सहसा कुणी जात नाही. कोपऱ्यावर वळली आणि थबकलीच.

विटांच्या ढिगातून एक वाकडा पांगारा वर आला होता. त्याला आळं नव्हतं, पाणी नव्हतं, पानही नव्हतं. पण जवळजवळ प्रत्येक फांदी लाल फुलांनी भरलेली, आणि त्यावर मैना, शिंजीर आणि कावळ्यांचा असा गलका की लग्नघर बरं.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. ज्याचे लाड केले तो ढिम्म, आणि ज्याला कुणी विचारत नाही तो नटून उभा.

आबा बागेतल्या बाकावर फुटाणे खात बसले होते. अनघाने त्यांना हाताला धरून ओढतच भिंतीमागे नेलं.

“आता सांगा आबा, काहून असं?”

“मी कायले सांगू? तूच पाह्य ना. दोघांत फरक काय हाये?”

“याला कोणी पाणी देत नाही. त्याला झारीभाऊ रोज देतो.”

“हाव. अजून?”

“याला पानं नाहीत. त्याला पानंच पानं.”

“मंग या दोन गोष्टींचा एकमेकीशी काही संबंध हाये का, ते पाहू. जा, घरून दोन प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या आन अन् सुतळी आन.”

आणायला सांगितलेली वस्तू अनघा वाऱ्यासारखी आणते. आबांनी एक पिशवी बागेतल्या पांगाऱ्याच्या पानांनी भरलेल्या डहाळीवर चढवून तोंड सुतळीने घट्ट बांधलं. दुसरी भिंतीमागच्या पांगाऱ्याच्या फुलं नसलेल्या उघड्या फांदीवर.

“आता थांबाचं.”

“किती?”

“मोहोर येतपर्यंत नाई थांबा लागत. हे फुटाणे संपतपर्यंत.”

अनघाने मूठभर फुटाणे एकदम तोंडात कोंबून काम लवकर संपवायचा प्रयत्न केला. त्याचा उपयोग झाला नाही, कारण आबांच्या दुसऱ्या खिशात आणखी होते. मग ती एका पिशवीकडून दुसरीकडे, भिंतीला वळसा घालून, घामाघूम होईपर्यंत पळत राहिली. बऱ्याच वेळाने बागेतल्या पिशवीला आतून धुकं धरलं. मग थेंब दिसू लागले, मोठे झाले, ओघळून पिशवीच्या कोपऱ्यात साचले. भिंतीमागची पिशवी कोरडीच राहिली.

“हे पाणी कुठून आलं?” आबांनी विचारलं.

“पानांतून.”

“बरोबर. याले म्हणतात बाष्पोत्सर्जन.” समजावून सांगायची वेळ आली, की आबांची भाषा आपोआप व्याख्यानाची व्हायची. “म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाणी वाफ होऊन बाहेर जाणं. मुळं खालून पाणी ओढतात, ते खोडातून वर चढतं आणि पानांतून उडून जातं. आता समज, आपल्या गच्चीवर टाकी आहे आणि घरातले सगळे नळ उघडे आहेत. टाकी भरेल?”

“नाही. आणि मामी ओरडेल.”

“मामी ओरडंनच. आता उन्हाळा तोंडावर आला. मातीतलं पाणी कमी होऊन राह्यलं. पांगाऱ्याने काय करावं?”

अनघाने उघड्या फांद्यांकडे बघितलं. “नळ बंद करावेत,” ती हळूहळू म्हणाली. “पानं गाळून टाकावीत.”

“मग?”

“मग पाणी बाहेर जाणार नाही. खोडात साचेल. टाकी भरेल.” ती आता जागच्या जागी उड्या मारत होती. “आणि त्या पाण्यावर कळ्या फुगतील. फुलं येतील. म्हणून सगळं कोरडं असताना हा फुलतो.”

“अन् आपला आतला?”

“त्याला झारीभाऊ पान कोमेजूच देत नाही. त्याला वाटतंय अजून पावसाळाच आहे. पानं गाळायची गरजच काय?” ती एकदम थांबली. “म्हणजे मीच त्याला फुलू दिलं नाही.”

“तू लाड केले,” आबा म्हणाले. “लाडाले झाड कायले नाई म्हणंन? पण एक ध्यानात ठेव. सगळी झाडं पांगाऱ्यासारखी नसतात. आंबा पानं ठेवूनच मोहोरतो. पिंपळ पानं गाळतो अन् लगेच नवी काढतो. पण पाणी तुटल्यावर जागी होणारी झाडं पुष्कळ. आपल्या वरुडले संत्र्याच्या बागेत तर मुद्दाम पाणी तोडतात. त्याले ताण देणं म्हणतात.”

अनघाच्या पायांची हालचाल बंद पडली.

“संत्र्याला?”

“हाव. पाणी रोज भेटलं की झाड नुसती पालवी काढत राह्यते. पाणी तोडलं की वाढ थांबते. पानांनी तयार केलेलं अन्न नव्या पालवीवर खर्च होत नाही, फांद्यांत साठून राहतं. ज्या डोळ्यांतून पानं निघाली असती त्यांतून फुलं निघायची तयारी होते. पानं मलूल पडली, थोडी गळाली, की पुन्हा पाणी सोडायचं. अन् मंग जो बहर फुटते, अख्ख्या गावाले वास येते.”

 तिच्या डोळ्यांसमोर चंद्रावरचं काचघर होतं. आईने सांगितलं होतं, तिथेही पान मलूल झालं रे झालं की यंत्र पाणी सोडतं. संत्र्याच्या मुलखातली सगळी माणसं, आजोबा शास्त्रज्ञ, आई शास्त्रज्ञ, आणि घरातल्या लाडक्या झाडाला ताण द्यायचा हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बागेतल्या झाडांना ताण देतात. कुंडीतल्या लाडोबाला कोण देतं?

पण आईला कबूल केलं होतं. सांगावं कसं? तिने सुतळीचा गुंता केला, सोडवला, परत केला.

“आबा, कुंडीतल्या झाडाला ताण देता येतो का? समजा, मोठी कुंडी आहे. समजा, आजूबाजूला पाऊस कधीच येत नाही.”

आबांनी फुटाण्याचा हात खाली घेतला. 

“तुह्या मायनं मले सांगतलं नाई,” ते म्हणाले.

अनघाचे डोळे भरून आले. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“मले वाईट वाटंन म्हणून.” आबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. “मी दर वेळी विचारत होतो, झाड कसं हाये. थे म्हणे, हिरवंगार. मी खूश. हिरवंगार म्हटल्यावर माह्या ध्यानात याले पाह्यजे होतं का नाई? जन्म गेला संत्र्यात. पण लेकीनं नेलेलं झाड म्हटलं की शास्त्रज्ञ बी नुसता बाप होते. चाल, लाव तिले फोन.”

आपला शब्द चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि तिकडचा परत यायला तितकाच. एरवी अनघाला ही मधली शांतता सहन व्हायची नाही. आज ती आणखीच लांब वाटली. आबांना पडद्यावर पाहून आईचा चेहरा पडला आणि ती गडबडीने म्हणाली, “बाबा, मी सांगणारच होते.”

“ते राहू दे. पाणी तोड.”

“इथे पान कोमेजलं तर धोक्याची घंटा वाजते, बाबा. आणि झाड मेलं तर?”

“ताण म्हणजे छळ नाही. पान सकाळीसुद्धा उभं राहेनासं झालं, गळायला लागलं, की लगेच पाणी सोड. कुंडीतलं झाड, लवकर होईल. रोज मले दाखवत जा. अन् मेलं तर मेलं. दुसरं भरून देईन. पण न फुलता उपटलं गेलेलं मले पाहवणार नाई.”

 तेव्हा अनघा पुढे सरकली. “आई, तू एकटी नको देऊ ताण. मी इथे पांगाऱ्याला देते. तू तिकडे, मी इकडे.”

दुसऱ्या दिवशी आईचा निरोप आला. तळप्रमुख म्हणाले होते, कुंडी नाहीतरी काढायचीच आहे, तोवर तुमचं काय ते करून बघा. आईने घंटा आणि पाणी सोडणारं यंत्र बंद ठेवलं.

झारीभाऊला पटवणं जास्त अवघड गेलं. “आपण विशेष काळजी घेण्यास सांगितले होते,” तो परत परत म्हणे. अनघाने त्याला पिशवीचा प्रयोग दाखवला, नळ आणि टाकी समजावून सांगितली. तो पिशवीतल्या थेंबांकडे बघत म्हणाला, “म्हणजे या वेळी काळजी घेणे म्हणजे पाणी न देणे. हे माझ्या सूचनांत नव्हते. नोंदवून ठेवतो.”

मग सुरू झालं ते खरं कठीण काम. काहीच न करायचं.

पहिले काही दिवस पांगारा होता तसाच होता. मग त्याची पानं लोंबू लागली. मग पिवळी पडली. फिरायला येणारी माणसं थांबून बघू लागली, आणि एक काकू सरळ म्हणाल्या, “पोरी, त्या झाडाले पाणी घाल ना व. मरून राह्यलं ते.”  त्याच सकाळी आईने संत्रं दाखवलं होतं. पानं गुंडाळल्यासारखी वळलेली, फांद्या थकलेल्या. आबा म्हणाले होते, अजून जरा. पण म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि ‘सहज फिरायला’ म्हणून त्यांनी सकाळपासून बागेत कितीतरी फेऱ्या मारल्या होत्या.

दुपारी बागेत कुणी नसताना अनघाने कोपऱ्यातली बादली नळाखाली भरली आणि पांगाऱ्यापाशी आणली.  एक बादली, फक्त एक. झारीभाऊ शेजारी येऊन उभा राहिला.

“आता द्यायचे का?” त्याने विचारलं.

तिने वर बघितलं. एक पिवळं पान गळून तिच्या पायाशी पडलं. नळ बंद होतोय, तिने स्वतःला सांगितलं. मरत नाहीये, नळ बंद करतोय. पण खरं सांगायचं तर तिला खात्री नव्हती. आईलाही नसणार, आणि आईला तर पळत सुटायला बागही नाही. त्या विचाराने तिला रडू फुटलं. तिने बादली उचलली, स्वतःच्या डोक्यावर उपडी केली आणि चिंब भिजून तशीच घरी गेली.

त्या आठवड्यात पांगारा भराभर उघडा झाला. चंद्रावर आईने पुन्हा पाणी सोडलं. होळी झाली. उघड्या फांद्यांच्या टोकांना काळपट, वाकड्या नखांसारख्या कळ्या आल्या, आणि एका सकाळी अनघा शाळेची बॅग पाठीवर घेऊन बागेत शिरली तर सगळ्यांत वरच्या फांदीवर एक लाल ठिपका होता. ती ओरडली नाही. झारीभाऊला बोलावून नुसतं बोट दाखवलं. शाळेत उशीर झाला तो झालाच.

पाडव्याआधीच्या रविवारी तिने फोन लावला. मागे पांगारा पेटल्यासारखा लाल, वर मैनांचं भांडण, शेजारी आबा. पण आईने मागे बघितलंच नाही.

“आज थांब,” आई म्हणाली. “आज खूण मी दाखवते.”

कॅमेरा वळला. संत्र्याच्या फांद्यांना नवी कोवळी पालवी होती, आणि पालवीच्या मध्ये पांढरी, टपोरी फुलं. एक-दोन नव्हे, झुबकेच्या झुबके. झाडापुढे माणसांची रांग लागली होती. खडक फोडणारी, यंत्रं दुरुस्त करणारी, काचघराकडे कधी न फिरकणारी माणसं एकेक करून पुढे येत होती, वाकून वास घेत होती आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत होती. झाडाला अगदी लागून एक उंच गृहस्थ डोळे मिटून उभे होते आणि हलायचं नाव घेत नव्हते.

“ते कोण?” अनघाने विचारलं.

सव्वा सेकंद गेला, अजून सव्वा सेकंद गेला.

“तळप्रमुख,” आई म्हणाली. “बटाटे त्यांच्या खोलीत लावायचे ठरलंय.”

 आबा पडद्याजवळ सरकून म्हणाले, “तिथं मधमाशा नाहीत. मऊ पिसानं एका फुलावरचे परागकण दुसऱ्याले लाव. अन् सगळ्या फुलांची फळं होत नसतात, गळली तर घाबरजो नको.”

“बाबा,” आई म्हणाली, “इथे ऋतू येत नाही. आणावा लागतो. हे मला माहीत नव्हतं.” तिने एका फुलाला हळूच बोट लावलं. “फळ धरलं तर दिवाळीच्या आसपास पिकेल ना? मी दिवाळीला घरी येतेय. पहिलं संत्रं सोबत घेऊन येईन.”

“दिवाळी?” अनघा म्हणाली. “तोवर मी काय करू?”

आबा हसले. आईही हसली, पण जरा उशिराने.

अनघाने पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचे महिने बोटांवर मोजायला घेतले, मध्येच तिला कंटाळा आला, आणि ती उठून भिंतीमागे पळाली. तिकडच्या पांगाऱ्याची फुलं गळून गेली होती. त्याला शेंगा धरल्यात का ते तिला बघायचं होतं, कारण एक बी चंद्रावर पाठवायचं होतं.